चित्र आम्हालाही दाखवा : उपग्रहावरून पिकाचा निकाल लावणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
पीक विमा आणि नुकसानभरपाईचे निकष ठरवणाऱ्या समित्यांचे माननीय सदस्य,
तसेच उपग्रह-चित्रांवरून उत्पादनाचे अंदाज बांधणारे सर्व तंत्रज्ञ यांस,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त नकाशा-तंत्रज्ञ आहे, राहणार नागपूर. नोकरीची सगळी वर्षं मी उपग्रहांनी पाठवलेली चित्रं वाचण्यात घालवली. माझं माहेर काटोल तालुक्यातलं. तिथे धाकट्या भावाकडे तीन एकर सोयाबीन आणि दोन एकर संत्र्याचा बगीचा आहे. हे पत्र मी दोन्ही नात्यांनी लिहिते आहे. आपण जे काम करता ते मी केलेलं आहे, आणि आपल्या कामाचा निकाल ज्या घरावर पडतो त्या घरातली मी लेक आहे.

2024 च्या खरिपात काय झालं ते आधी सांगते.

सोयाबीन फुलावर आलं आणि झडी लागली. वावरात पाणी साचून राहिलं, ऊन दिसेना. फुलं गळली. झाडं मात्र वाढतच गेली, कमरेला लागतील एवढी, हिरवीगार. पोळ्याला मी गावी गेले तेव्हा बैल सजवायच्या आधी भाऊ मला वावरात घेऊन गेला. एक झाड उपटून त्यानं माझ्या हातात दिलं. म्हणाला, "ताई, पाला नको पाहू. शेंगा मोज." मी मोजल्या. नऊ. दुसऱ्या झाडाला अकरा. पीक बरं असलं तर एका झाडाला चाळीस-पन्नास शेंगा सहज लागतात. पुढे सोंगणीचं, म्हणजे कापणीचं, विचारायला गेला, तर बायकांनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहूनच सांगितलं, "दादा, सोंगायचे पैसेबी निघत नाहीत तुमचे." ऑक्टोबरात त्यानं उभ्या पिकावर रोटाव्हेटर फिरवला.

विम्याचा हप्ता भरलेला होता. ई-पीक पाहणीत फोटोही चढवलेला होता. निकाल आला तेव्हा आमच्या महसूल मंडळाचं, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाचं, उत्पादन उंबरठ्याच्या, म्हणजे भरपाईसाठी ठरलेल्या मर्यादेच्या, वर निघालं आणि भरपाई शून्य. का, म्हणून तो विचारायला गेला. कार्यालयातल्या माणसानं त्याला एक वाक्य सांगितलं: "उपग्रहावर तुमचं मंडळ हिरवं दिसलं." भाऊ घरी आला आणि त्यानं मला फोन केला. रागावला नव्हता. त्यानं फक्त विचारलं, "ताई, तू हेच काम करत होतीस ना? मग त्याला शेंगा दिसत नाहीत का?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी आधी स्वतःसाठी शोधलं. युरोपच्या सेंटिनल-2 उपग्रहांची चित्रं कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात. मी जून ते ऑक्टोबरच्या सगळ्या तारखा काढल्या. आमच्या गावावर त्या मोसमात बहुतेक तारखांना नुसता पांढरा ढग होता. फुलोरा आणि शेंगा भरण्याच्या काळात, म्हणजे ज्या पाच-सहा आठवड्यांत सोयाबीनचं सगळं नशीब ठरतं, त्या काळातलं वापरण्याजोगं चित्र मला एकच मिळालं. भावाचं वावर त्यात खरंच हिरवं होतं. उपग्रहानं दिसलं ते अचूक टिपलं होतं. त्याचा अर्थ लावताना चूक झाली, आणि अर्थ लावणारी माणसं आहेत. म्हणून हे पत्र माणसांना आहे.

हिरवं म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे. पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी लिहिते. पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश जोरात परावर्तित करतं. दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज केली की जो आकडा येतो तो वनस्पती निर्देशांक, म्हणजे एनडीव्हीआय. पाला जितका दाट, तितका आकडा एकाच्या जवळ. हा आकडा पाल्याचा आहे. दाण्याशी त्याचं नातं चांगल्या वर्षी जुळतं, कारण चांगल्या वर्षी पाला आणि शेंगा सोबत वाढतात. वाईट वर्षी नेमकं तेच नातं तुटतं. फुलं गळलेलं झाड शेंगांना द्यायचं अन्न पाल्याला देतं आणि जास्त वेळ हिरवं राहतं. म्हणजे भरपाईची गरज असते त्या वर्षी मोजपट्टी उलटी वाचली जाण्याचा धोका सर्वात मोठा असतो. आणि तण? तेही हिरवंच दिसतं.

संत्र्याचं तर याहून स्पष्ट आहे. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या बहाराची, फळगळ काटोल-नरखेड भागात नवी नाही. पावसाळ्यात बुरशीनं, किडीनं फळं टपाटप खाली पडतात. झाड वरून जसंच्या तसं, गर्द. फळं झाडाखाली, पाल्याच्या आड, सडत पडलेली. आकाशातून पाहणाऱ्या डोळ्याला तिथे बदल दिसण्याचं काही कारणच नाही. बगीच्यात पाय ठेवणाऱ्याला वासानंच कळतं.

आमच्या पिढीला हे कोणी वेगळं शिकवलं नव्हतं, कामानंच शिकवलं. 17 मार्च 1988 ला आयआरएस-1ए हा नियमित वापराचा आपला पहिला सुदूर संवेदन उपग्रह, म्हणजे वरून जमिनीची चित्रं टिपणारा, बैकानूरहून सुटला. त्याच्या कॅमेऱ्याला जमिनीवरचा 72 मीटरचा एक ठिपका दिसायचा, आणि त्यातल्या त्यात बारीक नजर 36 मीटरची. मी कामाला लागले तेव्हा ती चित्रं कागदावर छापून यायची, खोट्या रंगात : झाडोरा लाल, पाणी काळं-निळं, उघडी जमीन पांढुरकी. काचेच्या दिव्याच्या टेबलावर पारदर्शक फिल्म ठेवून आम्ही सीमा आखायचो. मग जीप काढून आखलेल्या जागांवर जायचो. नकाशावर 'कापूस' लिहिलं असेल तिथे खरंच पऱ्हाटी आहे की तूर, हे उतरून पाहायचो. आमचे वरिष्ठ चिखल न लागलेले जोडे पाहिले की नकाशावर सही करत नसत. या पडताळणीशिवाय नकाशा कच्चा समजला जाई. आज कॅमेरे दसपट चांगले झाले आणि जीप मात्र निघेनाशी झाली, याचं मला खरंच दुःख होतं.

ही शिस्त आमच्याही आधीची आहे. 1802 साली मद्रासजवळ सुरू झालेल्या, भारताची जमीन मोजणाऱ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन जानेवारी 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन तो दक्षिणेकडून मोजत इथवर आला होता. त्या सर्वेक्षणात दुरूनच कोन मोजत पुढे जाण्याची पद्धत होती. पण काही अंतर कापलं की ही माणसं जमिनीवर प्रत्यक्ष लांबी मोजून आपला हिशेब चुकला तर नाही ना, ते तपासत. नागपूरच्या झिरो माइलजवळ 1907 चा बेंचमार्क, म्हणजे त्या जागेची उंची सांगणारी खूण, आहे. तो आकडा दगडात कोरलेला आहे. शाळेतलं पोर वाचू शकतं, शंका आली तर कोणी मोजूनही पाहू शकतं. माझ्या भावाच्या वावराचा आकडा असा कुठे कोरलेला आहे?

हीच माझी पहिली आणि सर्वात मोठी तक्रार आहे. ज्या चित्रावरून निकाल लागला ते चित्र त्याला कोणी दाखवलं नाही. कोणत्या तारखेचं, कोणत्या उपग्रहाचं, निर्देशांक किती, तुलना कोणत्या वर्षाशी, काहीच नाही. मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं की तांत्रिक माहिती संबंधित संस्थेकडे आहे. पुढे वाट बंद. मला गुडघ्याचा एक्स-रे काढायला सांगतात तेव्हा फिल्म माझ्या हातात देतात. मी ती दुसऱ्या डॉक्टरांकडे नेऊ शकते. आणि कोणताही चांगला डॉक्टर फिल्म पाहिल्यावरही गुडघा हातानं दाबून 'इथे दुखतं का' असं विचारतोच. कास्तकाराला फिल्म मिळत नाही आणि कुठे दुखतं हेही कोणी विचारत नाही.

दुसरं, ढगांचं. केंद्राच्या पीक विमा योजनेत 2023 च्या खरिपापासून भाताच्या आणि पुढे गव्हाच्या उत्पादन-अंदाजात तंत्रज्ञानाला किमान 30 टक्के वजन दिलं गेलं. 2024 च्या खरिपापासून सोयाबीनही त्यात आलं. खरीप म्हणजे पावसाळा, आणि पावसाळा म्हणजे ढग. ढगाखालच्या तारखा गाळून, आधीच्या-नंतरच्या चित्रांवरून मधली रेघ जोडण्याच्या पद्धती आहेत, त्या मीही वापरल्या आहेत. पण जोडलेली रेघ हा अंदाज असतो. नेमका फुलोरा त्या जोडलेल्या भागात गेला असेल तर ते निकालपत्रावर लिहिलंच पाहिजे. ढगातून पार पाहणारे रडार उपग्रह आहेत. आपला ईओएस-04 आहे, जुलै 2025 मध्ये निसार गेला. त्यांचं मला कौतुकच आहे. वावरात पाणी किती दिवस उभं राहिलं हे रडार चांगलं सांगू शकतं. पण शेंगा तोही मोजत नाही.

तिसरी तक्रार ठिपक्यांची, तीही थोडक्यात सांगता येणार नाही. भावाचं सोयाबीनचं वावर साधारण 60 मीटर रुंद आणि 200 मीटर लांब आहे. दहा मीटरच्या ठिपक्यानं मोजलं तर 6 गुणिले 20, म्हणजे 120 ठिपके. त्यातले 48 काठावरचे. काठावर धुरा आहे, धुऱ्यावर बाभळी आहेत, एका अंगाला शेजाऱ्याचा बगीचा. वावरातही आमच्याकडे सोयाबीनच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ असते, हे विदर्भात कोणालाही सांगावं लागत नाही. ऑक्टोबरात सोयाबीन वाळलं तरी तूर हिरवी असते. त्यात गावनकाशावरच्या गटाच्या हद्दी चित्रावर बसवताना पाच-दहा मीटर सरकल्या, तर एकाचं हिरवं दुसऱ्याच्या नावावर जातं. आणि रोटाव्हेटर फिरवलेलं वावर वरून कसं दिसतं? सोंगणी झालेल्या वावरासारखं. उघडी माती. पीक घरी आलं की मातीत गेलं, हे मातीच्या रंगावरून कळत नाही.

अचूकतेबद्दलही बोललं पाहिजे. आमच्या क्षेत्रात 85 टक्के अचूक नकाशा वर्षानुवर्षं चांगला मानला गेला आहे. जंगल किती, पडीक किती, पाण्याखाली किती, हे जिल्ह्याचं चित्र समजून घ्यायला तो उत्तम आहे. पण भरपाई जिल्ह्याला मिळत नाही, ती घराला मिळते. शंभरातले पंधरा ठिपके चुकले तर ती पंधरा वावरं कोणाची आहेत, हे विचारणारा रकाना आपल्या अहवालात नाही.

पावसाच्या मोजणीत तीच अडचण आहे. 24 तासांत 65 मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी, आणि मोजायला मंडळात बहुतेक एकच यंत्र. संत्र्याचा हवामान आधारित विमा तर बव्हंशी अशाच यंत्रांच्या नोंदींवर उभा आहे. पाऊस नाल्याच्या एका काठाला पडतो आणि दुसऱ्याला पडत नाही, हे लहानपणापासून पाहिलेलं आहे. यंत्र झाडाच्या आडोशाला असेल तर त्याच्यापर्यंत पोहोचतो तो उरलेला पाऊस. नोंद मात्र अख्ख्या मंडळाची होते.

मी जुन्या काळाची भलामण करते आहे असं कृपया समजू नका. नजर आणेवारी, म्हणजे डोळ्यांनी पाहून पिकाचा अंदाज ठरवणं, मी पाहिली आहे. पारावर बसून पैसेवारी, म्हणजे तोच पिकाचा अंदाज, ठरायची, ज्याचं वजन त्याच्या वावराचं नुकसान जास्त. मोजणीचं पीक कोणत्या वावरातून कापायचं यावरही दबाव आलेले आहेत. उपग्रह कोणाचा पाहुणा नसतो, तो सगळ्यांची वावरं एकाच डोळ्यानं पाहतो. म्हणूनच आम्ही तरुणपणी या कामात जीव ओतला. त्याला बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण वर्षानुवर्षं एक गोष्ट बदलत गेलेली मी पाहिली. पूर्वी चित्र पाहून प्रश्न पडायचा आणि उत्तरासाठी गावात जावं लागायचं. आता चित्र हेच उत्तर झालं आहे, आणि गावातून आलेली माहिती त्याच्याशी जुळली नाही तर गावच खोटं ठरतं. चित्रात जे दिसत नाही ते अर्जातही विचारलं जात नाही. शेंगा किती, दाणा भरला का, फळं खाली किती, याला रकानाच नाही. धुऱ्यावर उभ्या असलेल्या त्या बायकांनी पाच मिनिटांत जे सांगितलं, ते शासनाच्या कोणत्याही नोंदीत पोहोचण्याची सोय नाही.

नागपूरसारख्या शहरात तरी हे होऊ नये. सुदूर संवेदनाचं राज्याचं केंद्र याच शहरात आहे, इस्रोचं प्रादेशिक केंद्र इथे आहे. मातीचं सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था, कापसाची संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था, सगळ्या इथे आहेत. अमरावती रोडवरून बसनं जाताना यातल्या कितीतरी पाट्या दिसतात, आणि त्याच बाजूनं पुढे तास-दीड तासात काटोल येतं. चित्र जाणणारी, माती जाणणारी आणि संत्र्याचं झाड जाणणारी माणसं एका जीपमध्ये बसवणं जिथे सर्वात सोपं आहे, ती ही जागा आहे.

तेव्हा माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते.

ज्या चित्रांवरून मंडळाचं उत्पादन ठरलं ती, तारखा आणि निर्देशांकासह, गट नंबर टाकून ग्रामपंचायतीत लावा. मराठीत लावा, आणि निकालाच्या आधी लावा. हरकतीला पंधरा दिवस द्या.

पिकाच्या नाजूक काळात ढगाविना किती चित्रं मिळाली, हे प्रत्येक मंडळासाठी जाहीर करा. किमान संख्या आधीच ठरवा. तेवढी चित्रं नसतील त्या मंडळात उपग्रहाच्या अंदाजाचं वजन कमी करा आणि पीक कापणी प्रयोगांची, म्हणजे निवडलेल्या वावरात पीक प्रत्यक्ष कापून मोजण्याची, संख्या वाढवा.

चित्र आणि पंचनामा जुळत नसतील तिथे ठरलेल्या मुदतीत माणूस वावरात गेलाच पाहिजे, शेतकऱ्याच्या उपस्थितीत. सोयाबीनच्या शेंगा मोजा, संत्र्याची पडलेली फळं मोजा. ई-पीक पाहणीत शेतकऱ्यांनी स्थाननोंदीसह फोटो चढवलेले आहेतच, त्यात फुलोऱ्यानंतरचा एक जवळून काढलेला फोटो वाढवा आणि तो अंदाजाच्या पडताळणीला खरोखर वापरा. पीक मोडायच्या आधी कळवण्याची सोय ठेवा, म्हणजे मोडलेलं वावर सोंगलेलं धरलं जाणार नाही.

तुमच्या पद्धतीची चूक किती टक्के, हे पीकनिहाय आणि मंडळनिहाय छापा. चूक कबूल केल्यानं या शास्त्राची पत जात नाही. आम्ही नकाशाच्या कोपऱ्यात ती लिहीत होतो.

आणि निकालावर माणसाची सही हवी, हुद्द्यासह. 'उपग्रहावर दिसलं' हे उत्तर यापुढे कोणालाही तोंडी दिलं जाऊ नये. अपील कोणाकडे करायचं, ते त्याच कागदावर लिहिलेलं असावं.

भावानं पुढच्या हंगामालाही सोयाबीनच पेरायचं ठरवलं आहे. दुसरं काय पेरणार, तो विचारतो, आणि मला उत्तर देता येत नाही. पोळ्याच्या सुमारास मी गावी असेन. आपल्यापैकी कोणीही यावं, आपल्याजवळचं चित्र घेऊन यावं. आपण ते धुऱ्यावर उभं राहून सोबत वाचू, आणि मग दोन-चार झाडं उपटून शेंगा मोजू. गट नंबर मी कळवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त नकाशा-तंत्रज्ञ
नागपूर